अर्धवेळ इंडियनाची रोजनिशी

भूमितीचा पहिलाच तास आहे. नवीन शाळावर्षाच्या उत्साहात असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती पाठ्यपुस्तक येते. भूमितीची त्याला मनापासून ओढ. पुस्तकाचा वास घ्यावा, असे त्याला वाटते. तो मुखपृष्ठ उलटतो आणि आतल्या पानावर त्याला एक नाव लिहिलेले दिसते. ते त्याच्या आईचे आहे, लग्नापूर्वीचे. ज्या पुस्तकावर ती शिकली, तेच पुस्तक तीस वर्षांनी तिच्या मुलाला देण्यात आले होते. मुलाच्या डोक्यात काहीतरी फुटते. तो ते पुस्तक भिरकावतो, ते शिक्षकाच्या तोंडावर बसते आणि मुलाला शाळेतून काही दिवसांकरिता काढून टाकण्यात येते.

शर्मन अलेक्सी या अमेरिकन मूलनिवासी लेखकाची 'दि अ‍ॅब्सोल्यूटली ट्रू डायरी ऑफ अ पार्ट-टाइम इंडियन' ही सचित्र कादंबरी २००७ साली प्रसिद्ध झाली. 'एका अर्धवेळ इंडियनाची अगदी खरीखुरी रोजनिशी' असे तिचे नाव मराठीत सांगता येईल. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या या पुस्तकाला त्याच वर्षी अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. आईच्या नावाचे पुस्तक हाती येण्याचा प्रसंग लेखकाच्या स्वतःच्या शाळकरी आयुष्यातील आहे. त्या एका नावाने त्याला गावची शाळा सोडायला लावले आणि बावीस मैलांवरील गोऱ्यांच्या शाळेत नेऊन बसविले.

कादंबरीचा नायक आर्नल्ड स्पिरिट. घरीदारी त्याला 'ज्युनियर' म्हणतात. तो जन्मला तोच डोक्यात पाणी घेऊन. शस्त्रक्रियेतून वाचला, पण डोके मोठे, एका डोळ्याला जवळचे दिसत नाही, दुसऱ्याला लांबचे दिसत नाही, बोलताना अडखळतो, मधूनच झटके येतात. दात बत्तीसच्या जागी बेचाळीस. सरकारी आरोग्यसेवा मोठ्या दंतोपचाराचा खर्च वर्षातून एकदाच देते, म्हणून दहाही जादा दात एकाच दिवशी उपटले जातात. गोऱ्या दंतवैद्याची समजूत अशी की, इंडियन माणसाला वेदना निम्मीच होते. म्हणून बधिर करण्याचे औषधही निम्मेच. हे सारे तो मुलगा हसत हसत सांगतो. पहिल्या काही पानांतील हे हसणे आम्हांला थोडे पोरकट वाटले होते. चार-पाच प्रकरणांनंतर ते तसे वाटेनासे झाले.

सर्वांहून वेगळा, कोठेच न मावणारा मुलगा हा कुमारवाङ्मयाचा जुना विषय आहे. बहुतेक कथांत त्याचे वेगळेपण त्याच्या स्वभावात किंवा शरीरात असते आणि शेवटी जग त्याला सामावून घेते. या कादंबरीतही तो साचा दिसतो. मात्र येथे मुलाच्या प्रत्येक हालाला एखादा सन जोडता येतो. लेखकाने ते सन दिलेले नाहीत. कादंबरीकाराचे ते कामही नव्हे. ते मांडून पाहावेत, एवढ्याचसाठी हा लेख.

आधी दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. 'इंडियन' हा शब्द आम्ही भारतीयांनी वाचला की मन क्षणभर चुकीच्या वाटेने जाते. कोलंबस १४९२ साली भलत्याच किनाऱ्याला लागला आणि तेथील माणसांना त्याने आमचे नाव चिकटविले, ते त्यांना आजवर वागवावे लागत आहे. आमच्याकडे गोष्टीच्या पुस्तकांतून व चित्रपटांतून आलेला 'रेड इंडियन' हा शब्द तेथे अपमानाचा समजतात. दुसरा शब्द 'रिझर्व्हेशन'. आमच्या कानाला त्याचा अर्थ आरक्षण, म्हणजे शाळेत वा नोकरीत राखून ठेवलेली जागा. तेथे त्याचा अर्थ राखीव प्रदेश. बाकीची सर्व भूमी काढून घेतल्यावर जमातीसाठी उरवलेला तुकडा, असे त्याचे मूळ स्वरूप. एका अर्थाने हे शब्द एकमेकांच्या उलट आहेत : एक आत येण्याची वाट, दुसरा बाहेर न जाण्याची मर्यादा.

ज्युनियरचे गाव वेलपिनिट. अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन राज्यात, स्पोकॅन शहरापासून सुमारे पन्नास मैलांवर, स्पोकॅन जमातीच्या राखीव प्रदेशात ते वसले आहे. ही माणसे सेलिश कुळातील भाषा बोलणारी, नदीकाठची. वरचे, मधले आणि खालचे असे त्यांचे तीन गट स्पोकॅन नदीच्या काठाने राहत. समुद्रातून कोलंबिया नदीत आणि तिच्यातून स्पोकॅन नदीत दरवर्षी चढून येणारा साल्मन मासा हे त्यांचे अन्न, त्यांचा व्यापार आणि त्यांचा सण. धबधब्यांच्या पायथ्याशी दूरदूरच्या जमाती मासेमारीसाठी एकत्र जमत. ज्या कोळ्याच्या दारात दर्या आहे, त्याला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

गोऱ्यांच्या शाळेत जाणारा पहिला स्पोकॅन मुलगा अलेक्सीच्या आधी दीडशे वर्षे होऊन गेला, हे फार थोड्या वाचकांना ठाऊक असते. जमातप्रमुखाचा हा मुलगा १८११ च्या सुमारास जन्मला. १८२५ साली हडसन्स बे कंपनीच्या माणसांनी त्याला शिक्षणासाठी दूर रेड नदीवरील अँग्लिकन मिशनच्या शाळेत नेले. कंपनीच्या एका अधिकाऱ्याचे नाव त्याला देण्यात आले आणि इतिहासात तो स्पोकॅन गॅरी म्हणून राहिला. इंग्रजी शिकून, बायबल आणि प्रार्थनापुस्तक घेऊन तो परतला. स्वजनांत त्याने शाळा चालविली, शेती शिकविली, प्रार्थना शिकविल्या. पुढे काहींनी त्याची टिंगल केली आणि त्याने शिकवणे थांबविले. गोरे आले तेव्हा मात्र त्याचेच इंग्रजी कामी आले. पुढची तीन दशके तो अधिकाऱ्यांपुढे उभा राहून जमातीसाठी तिच्या स्वतःच्या नदीकाठची जमीन मागत राहिला. म्हातारपणी एकदा तो मासेमारीला गेला असता गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याचे शेत बळकावले. ते त्याला कधीच परत मिळाले नाही. १८९२ च्या जानेवारीत शहराबाहेरील एका घळीत, तंबूत, तो दारिद्र्यात मरण पावला. अर्धवेळ इंडियन हे पद पहिल्यांदा भूषविले ते गॅरीने. त्याच्या वाट्याला ज्युनियरसारखा शेवट आला नाही.

गॅरीच्या हयातीतच तेथे मिशनरी आले. प्रॉटेस्टंट पंथाचे वॉकर आणि ईल्स हे १८३८-३९ मध्ये चिमाकेन येथे स्थायिक झाले. नऊ वर्षे त्यांनी कष्ट काढले. वॉकर यांनी स्पोकॅन भाषेत एक छोटी प्रवेशिका रचली. ती १८४२ साली छापली गेली. शेजारच्या कर दलेन जमातीत त्याच १८४२ साली कॅथलिक येशूसंघीय पोचले. त्यांच्यापैकी फादर निकोला प्वाँ हे फ्रेंच धर्मगुरू या लेखाच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत, कारण ते चित्रकार होते. भाषा येत नसल्यामुळे ते चित्रे काढून धर्मशिक्षण देत. त्याचबरोबर शिकार, छावण्या, माणसांचे चेहरे अशी शेकडो चित्रे त्यांनी काढून ठेवली.

चित्रांचा हा धागा थोडा लांब ओढावासा वाटतो. १८३९ साली फादर फ्रान्स्वा ब्लांशे यांनी याच वायव्य प्रदेशात एक युक्ती काढली. त्यांनी एका काठीवर खुणा कोरल्या. ख्रिस्तापूर्वीच्या चाळीस शतकांसाठी चाळीस रेघा, प्रभू येशूच्या आयुष्यातील वर्षांसाठी तेहेतीस ठिपके, नंतरच्या शतकांसाठी आणखी रेघा व ठिपके. पुढे ती काठी कागदावर आली आणि 'कॅथलिक शिडी' या नावाने सर्वत्र पसरली. तिच्या बाजूला एक वाळकी फांदी काढलेली असे, ती ल्यूथर आणि कॅल्व्हिन यांची. प्रॉटेस्टंट मंडळी कशी गप्प बसणार? हेन्री व इलायझा स्पॉल्डिंग या दांपत्याने १८४५ च्या सुमारास आपली शिडी रंगविली. तिच्यात पोपमहाशय नरकाग्नीत कोसळताना दाखविले आहेत. युरोपातील तीनशे वर्षांचे भांडण अशा रीतीने साल्मन खाणाऱ्या माणसांना चित्ररूपाने भेट मिळाले. त्यांना ते पाहून काय वाटले असेल, याचा विचार आमच्या पूर्वसूरींनी फारसा केलेला दिसत नाही. मात्र एवढे खरे की, त्या भूमीत पुस्तकाच्या आधी चित्र आले आणि चित्र काढणारा हात बाहेरचा होता.

१८५८ हे साल वेलपिनिटच्या स्मरणातून अजून गेलेले नाही. त्या वर्षी मे महिन्यात कर्नल स्टेप्टो यांच्या तुकडीला स्पोकॅन, कर दलेन आणि इतर जमातींनी पिटाळून लावले. सूड उगविण्यासाठी सप्टेंबरात कर्नल जॉर्ज राइट आला. ता. १ व ५ सप्टेंबरच्या दोन लढायांत लांब पल्ल्याच्या नव्या बंदुकांपुढे जमातींचे काही चालले नाही. त्यानंतर राइटच्या हाती घोड्यांचा एक मोठा कळप लागला. नदीकाठी दोन दिवस गोळ्या घालून त्याच्या सैनिकांनी सुमारे आठशे घोडे मारले. धान्याची कोठारे जाळली. हिवाळा तोंडावर असताना घोडा आणि धान्य दोन्ही गेले की लोक आपोआप शरण येतात, हा त्यामागचा हिशेब होता. कर दलेन लोकांशी तह झाला तो येशूसंघीयांच्या पवित्र हृदय मिशनमध्ये, ता. १७ सप्टेंबरला. युद्ध टळावे म्हणून फादर जोसेट यांनी धडपड केली होती. ती अपयशी ठरली. फादर राव्हाली यांच्या देखरेखीखाली खिळे न वापरता उभारलेले ते लाकडी मंदिर आजही आयडाहो राज्यातील सर्वांत जुनी उभी इमारत म्हणून दाखवितात. तहानंतर एका आठवड्याने, ता. २४ सप्टेंबरला, बोलणीसाठी आलेल्या क्वालचान या याकिमा योद्ध्याला राइटने फासावर चढविले. राइटच्या नावाचा रस्ता स्पोकॅन शहरात दीर्घकाळ होता. २०२० च्या डिसेंबरात नगरपरिषदेने ते नाव काढून क्वालचानच्या पत्नीचे, व्हिस्टॉक्सचे, नाव त्याला देण्याचे ठरविले.

१८८१ साली राष्ट्राध्यक्ष हेज यांच्या आदेशाने राखीव प्रदेश ठरला. नदीचा धबधबा शहराकडे गेला आणि जमातीला मिळाला दीड लाख एकरांहून थोडा अधिक असा खालच्या अंगाचा प्रदेश. पुढे त्याचेही खाजगी तुकडे पाडण्यात आले आणि उरलेली जमीन बाहेरच्यांना खुली झाली.

आता शाळांकडे वळू. भूमितीचे पुस्तक ज्यांच्या तोंडावर बसले ते गोरे वृद्ध शिक्षक कादंबरीत मिस्टर पी या नावाने येतात. शिक्षा भोगत घरी बसलेल्या मुलाला भेटायला ते स्वतः येतात आणि एक कबुली देतात : तरुणपणी आम्ही इंडियन मुलांना मारीत असू, आम्हांला तसेच शिकविले होते, मुलांमधला इंडियन मारायचा होता. मग ते त्याला सांगतात की, येथून निघून जा, नाहीतर तुझ्या मनातली आशा येथे मरेल. कादंबरीतील सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरण आम्हांला हेच वाटले. कारण हे एका पात्राचे वैयक्तिक पाप नाही. १८७९ साली कार्लाइल येथे निवासी शाळा काढणारे कॅप्टन रिचर्ड प्रॅट यांनी १८९२ साली हे सूत्र जाहीर भाषणात मांडले होते : इंडियन मारा आणि माणूस वाचवा. मुलांना घरापासून तोडणे, केस कापणे, स्वभाषा बोलल्यास शिक्षा देणे ही त्याची पद्धत. स्पोकॅनांच्या दाराशी, फोर्ट स्पोकॅन या सैन्याने सोडलेल्या ठाण्यात, १९०० साली अशीच सरकारी निवासी शाळा उघडली. या धोरणाबद्दल अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी औपचारिक क्षमा मागितली ती २०२४ च्या ऑक्टोबरात.

या ठिकाणी आम्हां कॅथलिकांना बाजूला उभे राहून पाहता येणार नाही. मिशन शाळाही होत्या आणि त्यांतील कित्येक आमच्या होत्या. निष्ठेने खपणारे धर्मगुरू आणि धर्मभगिनी तेथे होत्या, हे खोटे नाही. स्थानिक भाषांची व्याकरणे व कोश त्यांच्यापैकी काहींनीच रचले. तरीही २०११ साली येशूसंघाच्या ओरेगॉन प्रांताला सुमारे ५०० पीडितांशी १६ कोटी ६० लाख डॉलरचा समझोता करावा लागला. शाळांतून आणि खेड्यांतून लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या त्या लोकांत बहुसंख्य मूलनिवासी होते. प्रांत त्याआधीच, २००९ मध्ये, दिवाळखोरीत गेला होता. कॅनडातील निवासी शाळांबद्दल पोप फ्रान्सिस यांनी २०२२ च्या जुलैत तेथे जाऊन क्षमा मागितली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये व्हॅटिकनने 'शोधाच्या सिद्धान्ता'चा, म्हणजे ख्रिस्ती राजाने शोधलेली भूमी त्याचीच होते या जुन्या मताचा, उघड त्याग केला. ही वाक्ये लिहिताना लेखणी अडखळते. पण मिस्टर पी यांची कबुली कादंबरीत वाचून डोळे पुसावयाचे आणि स्वतःच्या घरातील कबुलीबद्दल मौन पाळावयाचे, हे आम्हांला जमत नाही.

स्पोकॅन शहरातील गोंझागा विद्यापीठ हे येशूसंघीयांचेच. सिसिलीहून आलेल्या फादर काताल्दो यांनी ते १८८७ साली सुरू केले. त्याआधी १८६६ साली याच फादरांनी वरच्या स्पोकॅनांत मंदिर बांधले होते. विद्यापीठाची दारे उघडली तेव्हा प्रवेश मिळाला तो मात्र गोऱ्या मुलांना. अठ्ठ्याण्णव वर्षांनी, १९८५ मध्ये, वेलपिनिटचा शर्मन अलेक्सी शिष्यवृत्ती घेऊन त्या दारातून आत गेला. तो तेथे फार दिवस रमला नाही. पुढे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात ॲलेक्स क्वो या शिक्षकांच्या हाताखाली तो कविता लिहू लागला.

गरिबीचे मूळ मात्र शाळेत नव्हते, नदीत होते. १९३३ साली कोलंबिया नदीवर ग्रँड कूली धरणाचे काम सुरू झाले आणि १९४२ मध्ये ते पुरे झाले. उंची १६८ मीटर. एवढ्या उंचीवर मासे चढविण्याची वाट नाही, म्हणून ती ठेवलीच नाही. १९४० च्या जूनमध्ये वरच्या अंगाच्या जमाती केटल फॉल्स येथे जमल्या आणि त्यांनी साल्मनचा शेवटचा निरोप घेतला. त्या मेळाव्याला 'अश्रूंचा समारंभ' म्हणतात. मग धबधबा, गावे आणि स्मशाने पाण्याखाली गेली. स्पोकॅन जमातीला तेव्हा भरपाई म्हणून मिळाले ४,७०० डॉलर. धरणाच्या विजेवर शहरे उजळली, विमानांचे कारखाने चालले. त्या विजेच्या उत्पन्नात जमातीचा हिस्सा मान्य करणारा कायदा झाला तो २०१९ च्या डिसेंबरात, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षांनी.

मासा गेल्यावर आले युरेनियम. १९५४ साली राखीव प्रदेशातील डोंगरात ते सापडले. 'मिडनाइट' नावाची उघडी खाण १९५५ पासून, मध्ये काही वर्षे बंद राहून, १९८१ पर्यंत चालली. अमेरिकेच्या अणुशस्त्रांसाठी खनिज निघाले आणि स्पोकॅन माणसांना मजुरी मिळाली. कामाचे कपडे धूळ घेऊन घरी येत आणि घरीच धुतले जात. खाण बंद झाल्यावर मागे राहिले मोठे खड्डे, मातीचे ढिगारे आणि दूषित पाणी. २००० साली देशातील अत्यंत विषारी स्थळांच्या यादीत खाणीचे नाव गेले. सफाईचा १९ कोटी ३० लाख डॉलरचा करार २०११ मध्ये ठरला. अलेक्सीचा जन्म १९६६ चा. म्हणजे त्याचे बालपण खाण चालू असतानाचे आणि नदी मुकी असतानाचे.

हे जाणून ज्युनियरच्या कुत्र्याची गोष्ट वाचावी. ऑस्कर हा त्याचा जिवलग कुत्रा आजारी पडतो. पशुवैद्याकडे नेण्यास पैसे नाहीत. शेवटी वडील बंदूक काढतात, कारण गोळीला दोनच सेंट पडतात. मुलगा रागाने धावत सुटतो. पण आईबापांवर त्याला रागावता येत नाही. त्यांच्या आईबापांनाही कोणी संधी दिली नव्हती आणि त्यांच्याही आईबापांना दिली नव्हती, असे मागे मागे जात तो पोचतो ते पहिल्या गरीब माणसांपर्यंत. मग त्याने काढलेले एक चित्र येते. आईबाप काय झाले असते, जर त्यांच्या स्वप्नांकडे कोणी लक्ष दिले असते तर? आई महाविद्यालयात शिकविणारी आणि वडील सॅक्सोफोन वाजविणारे. चित्र विनोदी आहे, कपड्यालत्त्यांच्या बारीक टिपा बाणांनी दाखविल्या आहेत. हसू येते आणि तेथेच अडकते.

या चित्रांबद्दल अधिक लिहिले पाहिजे, कारण कादंबरी 'सचित्र' आहे म्हणजे मजकुराला शोभा आणली आहे, असे नव्हे. शब्द बेभरवशाचे आणि तोकडे असतात, चित्र मात्र कोणालाही कळते, म्हणून आपण चित्रे काढतो, असे तो मुलगाच सांगतो. अडखळत बोलणाऱ्याला हे सुचावे यात नवल नाही. ही चित्रे सिएटलच्या व्यंगचित्रकार एलन फॉर्नी यांनी काढली आहेत आणि त्यांत त्यांनी तीन हात वापरले आहेत. एक घाईचा, वहीच्या समासात खरडल्यासारखा. दुसरा जरा निगुतीचा. तिसरा पेन्सिलीने शांतपणे समोरच्या माणसाला निरखणारा. आजी, मित्र राउडी, बहीण यांचे चेहरे त्या तिसऱ्या हाताने येतात. कागद फाडून, चिकटपट्टीने पानावर लावल्यासारखे ते छापले आहेत. मुलगा केव्हा थट्टा करीत आहे आणि केव्हा खरोखर पाहत आहे, हे वाचकाला शब्दांआधी रेषेवरून कळते. सर्वांना ठाऊक असलेले चित्र मधोमध दुभंगलेल्या मुलाचे : अर्धा गोरा, अर्धा इंडियन, एका बाजूला उजळ भविष्य आणि दुसऱ्या बाजूला हरवलेला भूतकाळ.

फादर प्वाँपासून येथवर आलेला धागा पाहिला, तर इंडियन मुलगा आता स्वतः स्वतःला रेखाटू लागला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तेही पूर्ण खरे नाही. शब्द स्पोकॅन माणसाचे, रेषा गोऱ्या स्त्रीची. फॉर्नी यांनी लेखकाशी बोलून, त्याच्याकडून खुणा घेऊन काम केले. तरी हात बाहेरचाच. आम्हांला यात दोष दिसत नाही. शिडी रंगविणाऱ्यांनी समोरच्या माणसाला विचारले नव्हते, येथे विचारले गेले, एवढा फरक पुष्कळ आहे.

गोऱ्यांच्या रिअर्डन शाळेत ज्युनियर जातो, तेव्हा तेथे दुसरा इंडियन असतो तो शाळेच्या संघाचे बोधचिन्ह! (अशी नावे आणि चिन्हे वापरण्यास वॉशिंग्टन राज्याने २०२१ च्या कायद्याने बहुतेक सार्वजनिक शाळांना मनाई केली.) गावात तो फितूर ठरतो, शाळेत परका. राउडी त्याच्याशी बोलणे सोडतो. बास्केटबॉलच्या पहिल्या सामन्यात गावकरी त्याच्याकडे पाठ फिरवून उभे राहतात. दुसऱ्या सामन्यात रिअर्डन जिंकते, ज्युनियर राउडीला पार रोखतो, सहकारी त्याला खांद्यावर घेतात. तेवढ्यात त्याची नजर पराभूत संघाकडे जाते. त्यांच्यापैकी कित्येकांनी सकाळी काही खाल्लेले नाही; कोणाचा बाप तुरुंगात, कोणाचा दारूत; महाविद्यालयात जाणारा एकही नाही. इकडे रिअर्डनच्या मुलांकडे स्वतःच्या गाड्या आहेत. आपण दावीद आहोत, असे समजून खेळलो आणि प्रत्यक्षात आपण गल्याथ होतो, हे त्याला उमगते आणि तो ओकतो. दावीद-गल्याथाची कथा आमच्या प्रवचनांतून शेकडो वेळा ऐकली आहे. ती अशी उलटी कोणी ऐकविली नव्हती.

पुस्तकात मृत्यू फार आहेत. आजीला दारूच्या नशेत गाडी चालविणारा उडवितो. वडिलांचा मित्र यूजीन दारूच्या एका घोटावरून मित्राच्याच गोळीने मरतो. बहीण घराला लागलेल्या आगीत जाते. चौदाव्या वर्षी आपण बेचाळीस अंत्यविधी पाहिले, असा हिशेब मुलगा मांडतो. दातांचीही संख्या तीच होती, हे ध्यानात ठेवावे. दारूचे वर्णन इतके परखड असल्यामुळे काही मूलनिवासी समीक्षकांना ते गोऱ्यांच्या पूर्वग्रहाला खाद्य पुरविणारे वाटते. हा आक्षेप हलका नाही. अलेक्सी हा एका घराचे सांगतो आणि वाचक त्याला एका वंशाचे समजतो, हा धोका राहतोच.

पालकांचे आक्षेप निराळे होते. शिव्या, लैंगिक उल्लेख, दारू यांमुळे शाळांतून हे पुस्तक काढावे, अशा मागण्या वर्षानुवर्षे होत राहिल्या. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१० ते २०१९ या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांची यादी केली, तिच्यात याचा क्रमांक पहिला आहे. ते उल्लेख पुस्तकात आहेत आणि ते कोणत्याही कुमारवयीन मुलाला अनोळखी नसतात.

त्याहून जड प्रश्न २०१८ मध्ये आला. अनेक स्त्रियांनी अलेक्सीवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. त्यांपैकी तिघींनी स्वतःच्या नावानिशी राष्ट्रीय रेडिओवर ते सांगितले. अलेक्सीने, आपल्याकडून लोक दुखावले गेले, असे मान्य करून क्षमा मागितली. त्याआधी वर्षभर त्याचे आईविषयीचे आत्मकथन प्रसिद्ध झाले होते. त्याला मिळालेले कार्नेगी पदक त्याने नाकारले. अमेरिकन इंडियन ग्रंथालय संघटनेने या कादंबरीला २००८ साली दिलेला पुरस्कार परत घेतला. तक्रार करणाऱ्यांत नवोदित मूलनिवासी लेखिका होत्या. ज्याने वाट उघडली, त्यानेच ती त्यांना अवघड केली, हे त्यांचे दुःख होते.

मग हे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे की नाही? लेखक आणि पुस्तक वेगळे, असे म्हणून सुटका करून घेणे आम्हांला पटत नाही. हे पुस्तक तर लेखकाच्याच आयुष्यातून आलेले. ते कपाटातून काढून टाकावे, हेही पटत नाही. वेलपिनिटच्या पोरांनी काय सोसले, हे त्याच्या वागण्याने खोटे ठरत नाही आणि पुस्तक त्याच्या एकट्याचे नाही. त्याची अर्पणपत्रिका वेलपिनिट आणि रिअर्डन या दोन्ही गावांना आहे, आणि रेषा फॉर्नींच्या आहेत. आमचे मत असे की, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ते जरूर द्यावे, पण एकट्याने वाचायला सोडू नये. शेजारी वडीलधारे माणूस असावे, कोलंबिया नदीचा नकाशा असावा. दुसऱ्या मूलनिवासी लेखकांची पुस्तकेही सोबत द्यावीत, म्हणजे एका आवाजाला सर्वांचा आवाज समजण्याची चूक होणार नाही. आणि २०१८ चे प्रकरण मुलाने विचारल्यास त्याला सरळ सांगावे.

नकाशात आणखी एक खूण करता येईल. २०२० पासून स्पोकॅन जमातीचे लोक धरणांच्या वरच्या अंगाला साल्मन आणून सोडू लागले आहेत, चिमाकेनच्या ओढ्यातही. २०२३ च्या सप्टेंबरात या कामासाठी वीस वर्षांत २० कोटी डॉलर देण्याचा करार संघराज्य सरकारने तेथील जमातींशी केला. धरण अजून तेथेच आहे आणि त्यात वाट अजून नाही. मासे आजही टाक्यांतून, मालमोटारींनी वर नेले जातात.